'चुकेल म्हणून पाठवला नाही': इंग्रजी शिकताना बाईंना मेल कसा लिहावा

गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझा मेलचा पत्ता लिहिते आणि सांगते, "घरी पोचलात की मला दोन ओळी इंग्रजीतून लिहून पाठवा. नाव, गाव, काय काम करता, एवढंच." पंधरा जणांपैकी चारपाच जणांचा मेल येतो. बाकीच्यांकडे कारणं तयार असतात. मुलगा घरी नव्हता. पासवर्ड आठवेना. नेट गेलं होतं. खरं कारण दोन-तीन आठवड्यांनी, चहा घेताना बाहेर पडतं: "टीचर, चुकेल म्हणून पाठवला नाही."

वर्गातली माणसं तिशी ते पन्नाशीची. कुंडई-बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला किंवा स्टोअरला असलेली, कळंगुटच्या हॉटेलात हाउसकीपिंग करता करता रिसेप्शनवर जायची इच्छा धरलेली, घरी नेवऱ्या-लाडू करून विकणाऱ्या बायका, जहाजावर नोकरी धरायच्या खटपटीतला एखादा. बहुतेकांची चौथीपर्यंतची शाळा मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी. त्यामुळे यांना इंग्रजी येत नाही असं नाही. वाचता येतं, समोरचा बोलला तर कळतं. लिहायची वेळ आली की मात्र हात आखडतो.

अशांना मी एकच सांगते. बाईंना लिहिलेला मेल हा सगळ्यांत स्वस्त गृहपाठ. तिथे चुकलात तर नोकरी जात नाही, गिऱ्हाईक तुटत नाही, आणि वाचणाऱ्या बाईला तुमच्या चुका काढायचेच पैसे मिळतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

या लेखात इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. आधी ती मोठ्याने म्हणा, तोंडात बसू द्या, मग न बघता रोमन अक्षरांत लिहून काढा. स्पेलिंग अडलं तर तेवढंच शोधा.

खातं कोणाचं आहे ते आधी बघा

कितीतरी जणांचं मेलखातं नवा मोबाइल घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्याला ठाऊक, किंवा आता त्यालाही नाही. काहींचं मुलाने उघडलेलं. मला एकदा 'शाळेतल्या पोराच्या' नावाने मेल आला, आत मजकूर असा की मी पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे आणि मला दोन मुलं आहेत. हा कोण, हे कळायला मला दोन दिवस लागले.

मोबाइलवर जीमेल उघडा आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा. तिथे दिसतं ते नाव आणि तो पत्ता घेऊन तुमचा मेल जगभर फिरतो. नाव चुकीचं असेल तर 'मॅनेज युवर गूगल अकाउंट'मध्ये जाऊन 'पर्सनल इन्फो'खाली ते बदलता येतं. त्याच ठिकाणी रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर बघा. तो जुना, बंद पडलेला असेल तर आजच बदला. पासवर्ड विसरलात की त्याच नंबरावर सगळी भिस्त असते. पत्ता 'कूलबॉय' छापाचा असेल तर नवीन खातं उघडा, हेच नाव उद्या नोकरीच्या अर्जावर जाणार आहे.

पत्ता तोंडी सांगतानाही गडबड होते. मधलं गोल चिन्ह 'ॲट' असं म्हणायचं. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने ते निवडलं: डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं टपाल जिथे येतं ते ठिकाण. पोर्तुगीजमध्ये याला 'अर्रोबा' म्हणतात, त्यामुळे लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेल्या एखाद्या आजोबांच्या तोंडून ते ऐकायला मिळालं तर दचकू नका. पत्त्यात मोकळी जागा कुठेच नसते. जीमेलच्या पत्त्यात मधला डॉट राहिला तरी मेल पोचतो, पण ऑफिसच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यात डॉट राहिला की मेल परत येतो.

आणखी एक. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, तीही फोटो आणि ड्राइव्ह यांच्याशी वाटून घेतलेली. लग्नाचे व्हिडिओ साठले की जागा संपते आणि नवे मेल यायचे बंद होतात. "टीचर, तुमचा मेल आलाच नाही" यामागे अनेकदा भाचीचं लग्न असतं.

व्हॉट्सॲप कुठे, मेल कुठे

बस चुकली, अर्ध्या तासात वर्ग आहे: व्हॉट्सॲप. पाऊस लागलाय, वर्ग आहे की नाही: व्हॉट्सॲप. बाकी सगळं मेलवर. दोन दिवसांपेक्षा जास्त रजा, गृहपाठ, व्याकरणातला अडलेला प्रश्न, फीविषयी काही, प्रमाणपत्र हवं असेल तर तेही. व्हॉट्सॲपवर आपण 'के', 'टीएक्स', अंगठा आणि आवाजाची टेप यांत भागवतो. तिथे पूर्ण वाक्य लिहायचा प्रसंगच येत नाही. शिवाय जहाजाच्या एजन्सीपासून हॉटेलच्या एचआरपर्यंत सगळे शेवटी मेलच मागतात.

विषयाची ओळ

ही रिकामी ठेवू नका आणि तिथे 'हॅलो' लिहू नका. माझ्याकडे एका आठवड्यात सहा 'हॅलो' आले होते. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्राचा मथळा ही दोन्ही कामं विषयाच्या ओळीला करायची असतात, म्हणून काय, कधी आणि कोणती बॅच हे आलं पाहिजे. 'होमवर्क, युनिट फोर, इव्हनिंग बॅच'. 'ॲब्सेंट ऑन फ्रायडे'. 'अ क्वेश्चन अबाउट सिन्स अँड फॉर'. चार-सहा शब्द पुरेत, पूर्ण वाक्य नको.

नवा विषय असेल तर नवा मेल. मागच्या महिन्याच्या गृहपाठाच्या उत्तराखाली फीची गोष्ट लिहिलीत तर ती त्या साखळीत गाडली जाते. मलाही सापडत नाही, तुम्हालाही नाही.

डियर कोण?

मराठी शाळेत 'बाई' म्हणणारी आपण माणसं पाचवीत गेलो की 'टीचर' म्हणायला लागतो, आणि ते जन्मभर पुरतं. गोव्यातल्या शिक्षिकेला 'डियर टीचर' लिहिलंत तर काही बिघडत नाही. शिक्षक इंग्लंडचा असेल तर मात्र थोडं जपायचं. मिस्टर, मिस, मिसेस यांच्यापुढे आडनाव येतं, पहिलं नाव नाही. 'मिस्टर जॉन' हे आपल्याकडचं 'जॉनसर' झालं, तिकडे ते ऐकायला विचित्र वाटतं. नेमकं काय लिहायचं ते ठरवायची सोपी युक्ती: त्यांनी तुम्हाला लिहिलेल्या मेलच्या शेवटी काय सही आहे ती बघा. फक्त पहिलं नाव असेल तर 'डियर' आणि ते पहिलं नाव चालतं. तसं नाव घ्यायला जीभ वळत नाही हे मला माहीत आहे. चार मेलनंतर वळते.

'रिस्पेक्टेड सर' आपल्या देशात सर्रास चालतं, चूक नाही. पण देशाबाहेर बहुतेक ठिकाणी ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून सवय 'डियर'चीच लावा.

आदर कुठे ठेवायचा

या जागी मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ घालवते, कारण इथली चूक व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो. 'दे' आणि 'द्याल का' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते आपण विचार न करता सांभाळतो. इंग्रजीत 'यू' एकच. शेजारच्या पोरालाही तोच आणि मुख्यमंत्र्यांनाही तोच. मग आपल्याला चुकल्यासारखं होतं आणि आदराची भरपाई म्हणून आपण 'मॅडम' पेरत सुटतो. येस मॅडम, ओके मॅडम, सॉरी मॅडम. एका मेलमध्ये मी नऊ मोजल्या. आणि एवढ्या मॅडमांच्या मधोमध वाक्य काय, तर 'मॅडम प्लीज सेंड नोट्स'. इंग्रजी कानाला हा हुकूम वाटतो. 'प्लीज' लावला म्हणून हुकमाची विनंती होत नाही.

इंग्रजीत 'द्याल का'चं काम 'कुड यू' करतं. 'कुड यू प्लीज सेंड मी द नोट्स फ्रॉम मंडे?' शेवटचं प्रश्नचिन्ह विसरायचं नाही, त्याच्यावरच ती विनंती उभी आहे. 'आय वाँट सर्टिफिकेट'च्या जागी 'आय वुड लाइक अ सर्टिफिकेट, प्लीज'. आणि तक्रार करायची असेल तेव्हा तर हे फारच कामाला येतं. 'यू डिड नॉट सेंड द नोट्स' म्हणजे थेट बोट दाखवणं. 'आय डोन्ट थिंक आय गॉट द नोट्स' म्हटलं की कदाचित माझ्याच बाजूने राहिलं असेल, असं थोडं अंग चोरून बोलणं झालं. आपणही मराठीत "नोट्स मिळाल्या नाहीत वाटतं" असंच म्हणतो की. तीच चाल, फक्त शब्द वेगळे.

एवढं जमलं की मॅडम एकदा पुरते.

एक मेल, जवळून

गेल्या चवथीच्या आधी आलेला हा मेल. लिहिणाऱ्याला विचारून, थोडा बदलून देते. विषयाची ओळ रिकामी होती.

'रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय कुड नॉट अटेंड द क्लास डे आफ्टर टुमारो बिकॉज टू अवर होम गणपती इज देअर. काइंडली ग्रँट मी लीव्ह अँड ओब्लाइज. प्लीज सेंड होमवर्क. युवर्स ओबिडियंटली.'

'आय बेग टू स्टेट' आणि 'ओबिडियंटली' हे शाळेतल्या रजेच्या अर्जातून आलं. तो अर्ज आपण सगळ्यांनी घोकलेला आहे, ज्यांनी शिकवला त्यांनीही घोकलेलाच होता. त्यात काही सांगितलं जात नाही, नुसते हात जोडलेले असतात. ते सगळं काढून टाका, मेल निम्मा होतो.

'कुड नॉट अटेंड' म्हणजे येता आलं नाही, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. इथे ती पुढे व्हायची आहे. 'येता येणार नाही' याला 'आय वोन्ट बी एबल टू कम'.

'डे आफ्टर टुमारो' हे इंग्रजी म्हणून बरोबर, पण मेलमध्ये घातक. त्याने सोमवारी रात्री लिहिलं, मी मंगळवारी दुपारी वाचलं. माझा परवा आणि त्याचा परवा वेगळा झाला. आपला 'परवा' तर आणखी लबाड, मागेही जातो आणि पुढेही. म्हणून मेलमध्ये नेहमी वार लिहा, आणि शक्य तर तारीख. तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. 5/6 म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकन माणसाला सहा मे.

'टू अवर होम गणपती इज देअर': 'आमच्या घरी गणपती असतो' हे शब्दाला शब्द ठेवून नेलंय. मला कळतं. इथल्या कुणालाही कळेल. गोव्यात चवथ आली की माणूस मूळ घरी जातो, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतो, आणि गणपती दीड दिवसाचा असो की पाच की सात, तोवर तो कुणाला सापडत नाही. पण शिक्षक परगावचा असेल तर एका अर्ध्या वाक्यात उलगडून सांगावं लागतं. म्हार्दोळच्या एका बाईंनी जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेसाठी रजा मागितली होती. जायांना इंग्रजीत काय म्हणू, यातच त्यांचा तास गेला. तिथे 'अ टेम्पल फेस्टिव्हल इन माय व्हिलेज' एवढं पुरलं असतं. फुलांचं वर्णन नंतर, परिच्छेद लेखनाच्या तासाला. त्यांनी ते पुढे केलंही, आणि छान केलं.

दुरुस्त झालेला मेल असा:

विषय: ॲब्सेंट ऑन वेन्सडे अँड फ्रायडे, इव्हनिंग बॅच

'डियर टीचर,

आय वोन्ट बी एबल टू कम टू क्लास ऑन वेन्सडे अँड फ्रायडे धिस वीक. वुई सेलिब्रेट गणेश चतुर्थी ॲट अवर फॅमिली हाउस, अँड ऑल माय रिलेटिव्ह्ज आर कमिंग. आय विल बी बॅक ऑन मंडे.

कुड यू प्लीज टेल मी व्हिच पेजेस टू रीड?

थँक यू,'

आणि खाली पूर्ण नाव, बॅच. काय झालं, परत कधी येणार, मला काय हवंय. तीन गोष्टी, चार वाक्यं. 'ग्रँट मी लीव्ह'ची गरज नाही, मी काही तुमची साहेब नव्हे.

मराठीतून आलेल्या खोड्या

सगळ्या सांगत बसले तर पुस्तक होईल. मेलमध्ये रोज दिसतात त्या एवढ्या.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून कॅपिटल आपल्या हिशेबातच येत नाही. 'मी' या अर्थाचा 'आय' वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटल. वार, महिने, गावं, माणसांची नावं कॅपिटल. उलट टोकाला जाऊन अख्खा मेल कॅपिटलमध्ये लिहू नका, वाचणाऱ्याला तुम्ही ओरडताय असं वाटतं.

'अ' आणि 'द' आपल्याकडे नाहीत. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', तीच गोष्ट पुन्हा आली की 'द', एवढ्या ढोबळ नियमावर निम्मी नड भागते. 'आय हॅव अ क्वेश्चन. द क्वेश्चन इज अबाउट युनिट टू.'

'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. 'आय डिड नॉट केम' नाही, 'आय डिड नॉट कम'. भूतकाळ एकदाच भोगायचा.

'टू माय सन फीवर हॅज कम' असं वाक्य आलं की मला घरी असल्यासारखं वाटतं, कारण 'मुलाला ताप आलाय' हेच ते. इंग्रजीत ताप येत नाही, तो माणसाकडे असतो: 'माय सन हॅज अ फीवर'.

'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' ही चूक तर मोठमोठ्या ऑफिसांत होते. किती काळ ते सांगताना 'फॉर', कधीपासून ते सांगताना 'सिन्स': 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स', 'सिन्स 2019'.

आणि 'डाउट'. आपल्याकडे 'टीचर, एक डाउट आहे' म्हणजे शंका विचारायची आहे. इंग्लंडच्या बाईंना 'आय हॅव अ डाउट' लिहिलंत तर त्यांना वाटेल, यांचा माझ्यावर विश्वास नाही. 'क्वेश्चन' लिहा.

गृहपाठ जोडताना

दहा ओळींच्या आतला गृहपाठ मेलच्या अंगातच टाइप करा. वहीचा फोटो पाठवला की मला तो मोठा करून, आडवा करून, अंगठ्याची सावली चुकवत वाचावा लागतो, आणि चूक जिथल्या तिथे दाखवता येत नाही. टाइप केलेलं असेल तर तुमच्या वाक्याखाली माझं वाक्य बसतं. शिवाय टाइप करताना तुम्ही ते दुसऱ्यांदा वाचता. अर्ध्या चुका तिथेच गळतात.

वहीच पाठवायची असेल तर गूगल ड्राइव्ह ॲपमधल्या कॅमेऱ्याने स्कॅन करा. पानं सरळ होतात, सगळ्यांची मिळून एक पीडीएफ होते. फाइलला नाव द्या: तुमचं नाव, युनिट, तारीख. 'स्कॅन वन' नावाच्या फाइली माझ्याकडे ढिगाने आहेत.

जीमेलमधून 25 एमबीपर्यंतची जोडणी जाते, त्याहून मोठी असली की तिची ड्राइव्हची लिंक होते. उच्चारासाठी व्हिडिओ पाठवणाऱ्यांचं असं होतं. लिंक पाठवताना ती उघडायची परवानगी समोरच्याला आहे का ते बघा, नाहीतर तुम्ही कुलूप लावलेलं पार्सल पाठवताय. तसं तर उच्चारासाठी व्हिडिओची गरजच नसते, मिनिटभराचा आवाज पुरतो.

'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहून फाइल न जोडणं हा सगळ्यांचा आवडता अपराध, माझाही. उपाय सोपा: आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सगळ्यांत शेवटी भरा. पत्ताच नसेल तर अर्धा मेल चुकून सुटत नाही.

ट्रान्सलेट आणि चॅटबॉट

कळंगुटला जाणारा आमचा एकजण. त्याचा पहिला मेल आला: 'टुडे आय नॉट कम. गेस्ट इज मेनी. सॉरी टीचर.' मी खूश झाले. तीन वाक्यं, तिन्ही त्याची, आणि मला लगेच कळलं की याला 'इज-आर' आणि 'मेनी'ची जागा शिकवायची आहे. पंधरा दिवसांनी दुसरा मेल: 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल', मग तीन गुळगुळीत परिच्छेद, एकही चूक नाही. त्यात तो कुठेच नव्हता. त्या मेलवरून मी त्याला काय शिकवणार?

ही साधनं वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरते. क्रम पाळा. आधी स्वतःचं, मोडकंतोडकं, पूर्ण लिहा. अडलेल्या जागी मराठी शब्दच ठेवा. मग फक्त ते शब्द शोधा. चॅटबॉटकडे द्यायचंच असेल तर 'हे दुरुस्त कर' म्हणू नका, 'चुका कुठे आहेत ते दाखव, उत्तर सांगू नकोस' असं सांगा. आणि मला पाठवताना तुमचं पहिलं वाक्य खोडू नका, दोन्ही पाठवा. शेवटी एक ओळ: 'आय यूज्ड ट्रान्सलेट फॉर द लास्ट सेंटेन्स.' याची लाज वाटायचं काही कारण नाही.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी पूर्वीपासून आहे, 2022मध्ये कोकणीही आली. पण 'आजारी आहे म्हणून येणार नाही' असं आपण लिहितो तेव्हा कोण आजारी, हे वाक्यात नसतंच. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. यंत्राला अंदाज करावा लागतो, आणि मग तुमच्याऐवजी दुसराच कुणी आजारी पडतो. म्हणून भाषांतराला देण्याआधी मराठी वाक्यात 'मी', 'माझा मुलगा', 'आई' हे कर्ते भरा. इंग्रजीत विचार करायची अर्धी सवय त्यातच लागते.

पाठवण्याआधी आणि नंतर

पाठवण्याआधी मेल एकदा मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे चूक आहे, दहापैकी आठ वेळा. रात्री साडेअकराला लिहून झाला तरी लगेच पाठवायलाच हवा असं नाही. सेंडजवळच्या बाणात किंवा तीन टिंबांत 'शेड्यूल सेंड' असतं, सकाळी नऊची वेळ देऊन झोपा. घाईत सुटला तर खाली 'अनडू' दिसतं. ते मुळात पाचच सेकंद असतं. संगणकावरच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 30 सेकंद करून ठेवा.

'रिप्लाय' आणि 'रिप्लाय ऑल' यांतला फरक आमच्या वर्गाने माझ्यामुळे शिकला. मी सगळ्यांचे पत्ते 'टू'मध्ये घालून सुट्टीचा निरोप पाठवला. एकाने उत्तरात लिहिलं की या महिन्याची फी पुढच्या पगाराला देतो, चालेल का. ते चौदा जणांनी वाचलं. चूक माझी होती, पत्ते 'बीसीसी'त घालायला हवे होते, म्हणजे एकाला दुसरा दिसला नसता. त्यातलं सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर काळा कागद घालून काम केलेल्यांना हे समजवावं लागत नाही. तुम्ही मात्र फी, पगार, आजार, घरचं काही लिहिण्याआधी वर कोणाकोणाचे पत्ते आहेत ते बघा. आणि आधार कार्ड, बँकेचा पासबुक-फोटो बाईंना मागितल्याशिवाय पाठवू नका. बाईंच्या नावाने कुणी मागितला तर आधी फोन करून विचारा.

उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही तर आधी स्पॅममध्ये बघा. तिथला मेल 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. नसेल तर त्याच साखळीत एक ओळ: 'आय जस्ट वाँटेड टू चेक इफ यू गॉट माय ईमेल फ्रॉम मंडे.' एकदाच. तिसऱ्यांदा लिहिण्यापेक्षा वर्गात विचारा.

दुरुस्त्या आल्या की बहुतेकजण 'थँक यू टीचर' लिहून मोकळे होतात. त्याने माझं समाधान होतं, तुमचं इंग्रजी तिथेच राहतं. दुरुस्त केलेल्यांपैकी एक वाक्य निवडा, फक्त एक, आणि ते पुन्हा, स्वतःच्या दुसऱ्या माहितीने लिहून उत्तरात पाठवा. मी 'माय सन हॅज अ फीवर' दिलं असेल तर तुम्ही 'माय मदर हॅज अ कोल्ड' लिहा. ती वाक्यं वहीत मागच्या पानापासून उतरवत या, तारखेसकट.

आणि महिन्याच्या शेवटी जीमेलचा 'सेंट' हा कप्पा उघडा. गेलेले सगळे मेल तिथे असतात. सर्वांत जुना काढा, न बघता पुन्हा लिहा, आणि दोन्ही मला एका मेलमध्ये पाठवा. विषयाच्या ओळीत दोन्ही तारखा घाला.